तांब्याभर गोडं पाणी

आक्का, टाकीतले मासे तू मारले नव्हतेस.

एवढं एक वाक्य मला दोन वर्षांत तुझ्यासमोर बोलता आलं नाही. मालवणहून शिरोडं काही परदेशात नाही. सकाळची एसटी धरली तर जेवायला तुझ्याकडे. फोन तर खिशातच असतो. तरी नाही बोललो. काल तुझं बारावं आटपून घरी आलो, हातपाय धुतले. सुमनने चहा पुढे ठेवला तेव्हा तिला म्हटलं, राहू दे, आधी लिहून होऊ दे. तुझी अक्षरांशी ओळख सहीपुरती. माझी पत्रं तुला तुझा दिगंबर वाचून दाखवायचा. हे कोण वाचून दाखवणार, मला माहीत नाही.

तू आमच्याकडे राहायला आलीस ती डोळ्यांसाठी. मिठागरातलं पांढरं ऊन चाळीस वर्षं डोळ्यांत घेतलंस, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ठरलं असं की एका डोळ्याचं ऑपरेशन आधी करायचं, दुसऱ्याचं दोनेक महिन्यांनी, आणि तोवर तू इथेच राहायचं. शिरोड्याला राहिलीस तर उन्हात गेल्याशिवाय राहणार नाहीस, हे दिगंबरला पक्कं ठाऊक होतं. त्यानेच मला सांगितलं, "मामा, तुमच्याकडेच ठेवा तिका. तुमचा तरी आयकात."

डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा, अशी तू रिक्षातून उतरून ओटीवर आलीस आणि पहिल्यांदा विचारलंस ते टाकीबद्दल. "ह्यां काय रे बाबू? काचेची विहीर?"

चार फुटांची टाकी. निवृत्त झाल्यावर माझ्या मनाने घेतलं होतं की घरात समुद्र आणायचा. मला पोहता येत नाही, होडीत पाय ठेवला की पोटात ढवळतं. जन्म दर्याकाठी गेला आणि दर्याच्या आत काय आहे ते कधी पाहिलं नाही. पुस्तकं वाचली, व्हिडिओ बघितले. ओळखीच्या होडीवाल्याकडून बंदराच्या बाहेरचं स्वच्छ पाणी डब्यांत भरून आणवलं, तळाला वाळू, वर दगड, पाणी फिरवायला पंप. आणि मासे न घालता बसून राहिलो. खाऱ्या पाण्याची टाकी पहिला महिना रिकामीच ठेवावी लागते. माशांच्या घाणीतून जो विषारी अमोनिया होतो तो पचवणारे जिवाणू आधी दगडांत, वाळूत वाढावे लागतात. त्यांना खायला मिळावं म्हणून मी एक सुंगट, म्हणजे कोळंबी, सोलून आत टाकलं होतं.

तू एका डोळ्याने ते सुंगट बघितलंस. "खावच्या सुंगटाक कुसवतंस कित्याक?"

ते का कुजवतोय, मी तुला सगळं समजावलं. तू शांतपणे ऐकलंस आणि म्हणालीस, "मगे मासे खंय आसत?"

"महिन्याभरान येतले."

"म्हणजे महिनोभर नुसत्या पाण्याक बघीत रवतलंस?" सुमन आतून हसली. तूही हसलीस. मी हसलो नाही. मी वहीत तापमान लिहीत होतो. आठवलं की आता वाटतं, घरात त्या दिवसांइतकं हसू पुन्हा आलंच नाही.

महिन्याने मासे आले. दोन नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे, आणि चार निळे. "ह्यांचा काय तिखला करूचा काय?" तू विचारलंस, जणू ते कालवणाला आणलेत. आणि मग खरं काय ते बोललीस, "बाबू, दर्यातली जीवां ती. काचेत कशी रवतली?" त्यावरून आपला वाद सुरू झाला तो संपला नाही. मी म्हणायचो, काळजी घेतली तर मजेत राहतात. तू म्हणायचीस, मजेत आसत ह्यां तुका कोणी सांगल्यान?

पण पटत नसलं तरी माझ्याहून जास्त वेळ तूच टाकीसमोर असायचीस. सकाळी स्टूल ओढून बसायचीस. एकदा तर बोट बुडवून जिभेवर ठेवलंस आणि म्हणालीस, "बरोबर आसा. दर्यासारख्यां." मी ओरडलो, "हात घालू नकोस, हाताचं तेल जातं पाण्यात." मिठागरात तू असंच बोट बुडवून सांगायचीस, ह्या वाफ्यातलं पाणी उद्या मीठ धरतलां, त्याक अजून तीन दिवस. तुझं कधी चुकलेलं मला आठवत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मी तुझ्या सासरी यायचो, हातभर फळी घेऊन तुझ्याबरोबर मीठ ओढायचो. पायाच्या भेगांत मीठ जाऊन मी रडलो की ओट्यावर बसवून खोबरेल तेल लावायचीस. पाणी उन्हाने आटतं आणि मीठ खाली राहतं, हे मी पुस्तकात नंतर वाचलं, तुझ्या वाफ्यात आधी बघितलं. पुढे तीस वर्षं सातवीच्या वर्गात तेच शिकवलं. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचो, बाष्पीभवन.

आणि घरातल्या टाकीपुढे मला ते आठवलं नाही.

टाकीवर पंखा लावला होता, पाणी गार राहावं म्हणून. पंख्याने पाणी उडतं, पातळी खाली जाते. ती भरून काढायला मी समुद्राच्याच पाण्याचे डबे जिन्याखाली ठेवले होते. समुद्राच्या टाकीत समुद्राचंच पाणी घालायचं, इतकं ते मला सरळ वाटलं होतं. पण गंमत अशी की पातळी खाली जातच नव्हती. डब्यांची झाकणंही उघडावी लागली नाहीत. मला वाटलं, वर अर्ध्या भागावर काच ठेवली आहे तिचा परिणाम. क्षार मोजायचं काट्याचं यंत्र रोज एकच आकडा दाखवायचं. मासे झकास. मी फोनवर लोकांना सांगायचो, पाणी स्थिर ठेवणं हीच खरी कला आहे, नवशिक्यांच्या टाक्या तिथेच जातात.

ती कला तुझी होती. रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक तांब्या पिण्याचं पाणी तू मागच्या बाजूने हळूच ओतत होतीस. माझी अंघोळ चालली असायची तेव्हा, किंवा मी बाजारात गेलो की. ज्या दिवशी टाकी भरलेली बघितलीस त्या दिवसाची पातळी तू काचेच्या मागे खूण करून ठेवली होतीस. डोळ्याच्या पट्टीची पांढरी चिकटपट्टी, नखाएवढा तुकडा. तो मला फार नंतर दिसला.

त्या रविवारी आमच्या शाळेतले चौघे टाकी बघायला आले. देसाई सर, जोडीला तिघे. मी त्यांना अमोनियापासून सगळं सांगत होतो, तेही शुद्ध मराठीत, वर्गात बोलावं तसं. तू तांब्या घेऊन आलीस. पाहुणे आहेत म्हणून थांबावं असं तुला वाटलं नसेल, कारण त्यात लपवण्यासारखं तुला काही वाटतच नव्हतं. वेळ झाली होती, पाणी खाली गेलं होतं, तू ओतलंस.

"काय करतंस गो!" मी एवढ्याने ओरडलो की देसाई सरांच्या हातातला कप हिंदकळला. "काय घातलंस तेच्यात?"

"पाणी."

"कसला पाणी?"

"पियाचा. रोज घालतंय मां."

"रोज?" माझ्या डोक्यात काय चढलं कोण जाणे. मी तुझ्या हातातून तांब्या हिसकावून घेतला. "गोड्या पाण्यान मरतले ते! तुका धड दिसना नाय, कळना नाय, टाकीत हात कित्याक घालतंस?"

तू घाबरली नाहीस. नवल वाटल्यासारखी बघत राहिलीस, एका डोळ्याने. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलंस, "बाबू, पाणी उडान जाता रे. मीठ खंय उडता?"

आणि मी पाहुण्यांकडे वळून म्हणालो, "बघा, सर. अडाणी माणसांना घरात ठेवलं की असं होतं."

मालवणीत ओरडलो ते रागाने, ते एक वेळ सोडून देता येईल. पण हे वाक्य मी शांतपणे बोललो, प्रमाण मराठीत, हसून, त्यांनीही हसावं म्हणून. ते हसले. तुला ती मराठी समजत नव्हती असं थोडंच आहे. तू हात पदराला पुसलेस आणि स्वयंपाकघरात गेलीस. पाहुण्यांसाठी सुमन पोहे करत होती, त्यावर खोबरं तूच किसून घातलंस.

ते गेल्यावर मी अर्धी टाकी उपसली आणि डब्यांतलं समुद्राचं पाणी भरलं. तुझी चूक दुरुस्त केली, असं मला वाटलं.

पाचव्या दिवशी दिगंबर आला. तू त्याला फोन करून बोलावलं होतंस, आम्हाला न सांगता. "माका घराक जावचा आसा," एवढंच म्हणालीस. सुमन काकुळतीला आली, वन्स, दुसऱ्या डोळ्याचं काय, तारीख मिळाली आहे. तू म्हणालीस, "एक डोळो पुरे माका. मीठ काय, एका डोळ्यानय दिसता." मी दारात उभा होतो. 'आक्का, रव' हे दोन शब्द माझ्या तोंडाशी आले नाहीत असं नाही. पण ते म्हटलं तर त्या रविवारचंही काही म्हणावं लागलं असतं. मी तुझी पिशवी गाडीत ठेवली आणि दिगंबरला सावकाश जा म्हणालो.

दुसरा डोळा तू कधीच केला नाहीस. दिगंबरने दोनदा तारीख घेतली, तू दोनदा टाळलीस. ऑपरेशन मालवणला होतं, आणि मालवणला यायचं म्हणजे माझ्या घरी. कुडाळला करूया म्हणाला तर म्हणालीस, आता ह्या वयात कित्याक. मला हे सगळं कळत होतं. मी फोनवर विचारायचो, डोळा कसा आहे, आणि तू म्हणायचीस, बरो आसा. त्यावर पुढे विचारायला मी धजलो नाही.

तू गेलीस आणि पातळी खाली जाऊ लागली. आता मी रोज दोन लिटर समुद्राचं पाणी घालू लागलो. काटा वर चढत गेला. मला वाटलं, काट्यावर क्षार बसलेत, यंत्र बिघडलं. सहाव्या आठवड्यात निळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घ्यायला लागले. मग खाणं सोडलं. एकेक करत चार दिवसांत सहाही गेले. नारिंगी जोडीतला एक शेवटचा, दगडाच्या आडोशाला पडून होता.

मी सगळ्यांना सांगितलं, आक्काने गोडं पाणी घातलं होतं, त्याचा परिणाम. दीड महिन्याने परिणाम कसा होईल, हे कोणी विचारलं नाही. विज्ञानाच्या सरांना कोण विचारणार?

माझी जुनी विद्यार्थिनी मीनल कोळंबीच्या तलावांवर पाण्याची तपासणी करते. तिला बाटलीतून टाकीचं पाणी दिलं, म्हटलं, यंत्र बिघडलंय, तू बघ. तिने डोळ्याला लावायच्या नळीवर एक थेंब ठेवला आणि उजेडाकडे बघितलं. "सर, यंत्र ठीक आहे. पस्तीस असायला हवं तिथे सेहेचाळीस आहे. पाणी कमी झालं की काय घालता?"

"समुद्राचं."

तिने नळी पुसून ठेवली. मग फार अदबीने म्हणाली, "सर, पाणी उडतं, मीठ मागेच राहतं ना? गोडं पाणी घालायचं असतं." तिने ते माझ्याच वर्गात शिकलं होतं, पण तसं ती बोलली नाही. घरी येऊन मी टाकी उपसायला घेतली तेव्हा मागच्या काचेवर तुझी चिकटपट्टी दिसली. मी तिथेच जमिनीवर बसलो. सुमनने विचारलं, काय झालं? मी तिला सगळं सांगितलं. तिने एवढंच म्हटलं, "वन्सांका फोन करा." मी म्हटलं, करतो.

आणि केला नाही, आक्का. रोज ठरवायचो. रोज दुसरं काहीतरी निघायचं.

मग तळेऱ्याचं लग्न आलं. सुमनच्या भावाच्या मुलीचं. तू आलीस, काळा चष्मा लावून, मांडवात पहिल्या रांगेत बसलीस. पंगतीला सुमनचा भाऊ म्हणाला, "भावोजी, तुमच्या त्या टाकीचा काय झाला?" तेव्हा मीनलला भेटून दोन महिने झाले होते. मला सगळं माहीत होतं. नव्याने भरलेली टाकी मी तुझ्याच पद्धतीने चालवत होतो, रोज सकाळ-संध्याकाळ गोडं पाणी घालून. आणि सगळ्यांसमोर मी म्हणालो, "आमच्या आक्कान माशांक गोडा पाणी पाजल्यान. गेले सगळे." सवयीने तोंडातून गेलं, असं म्हणायला मला आवडेल. तसं नव्हतं. खरं सांगायला दोन क्षण मिळाले होते. त्या दोन क्षणांत मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि जुनंच सांगितलं.

पंगत हसली. तू माझ्यापासून चार पानं पलीकडे होतीस. मला वाटलं होतं तुझं लक्ष नाही. तू वर बघितलंस आणि हसून म्हणालीस, "व्हय तर. माझी चूक झाली ती. बाबूचे मासे मियां मारलंय." आणि वाढप्याला म्हणालीस, "बाबूक सोलकढी घाल रे."

मी ती प्यालो.

त्यानंतर दीड वर्ष. टाकी उत्तम आहे. लोक बघायला येतात. पाणी इतकं स्थिर कसं ठेवता, विचारतात. मी सांगतो ते सगळं तुझं असतं आणि तुझं नाव त्यात नसतं. दर पंधरा दिवसांनी तुझा फोन यायचा. "मासे बरे आसत मां?" मी म्हणायचो, बरे आसत. मग तू पावसाचं, काजूचं, नातवाच्या शाळेचं बोलायचीस. शेवटचा फोन आला तेव्हा मी बँकेत होतो, नंतर करतो म्हणालो. नंतर सरिताचा, तुझ्या सुनेचा फोन आला. अंगणातच बसली होतीस म्हणे, शेजारणीशी बोलत. बोलता बोलता मान कलली.

बाराव्याला सगळे जमले होते. तळेऱ्याची मंडळीही आली होती, पंगतीत हसलेली. जेवणं झाल्यावर ओटीवर पानसुपारी चालली होती. मी उभा राहिलो. म्हटलं, मला सांगायचंय. तीस वर्षं वर्गासमोर उभा राहिलेला माणूस मी, खांबाला धरून उभा होतो. सगळं सांगितलं. तांब्याचं, देसाई सरांसमोर बोललो त्याचं, मीनलचं, लग्नात खोटं बोललो त्याचं. मला वाटलं होतं, कोणीतरी तोंड फिरवील. कोणीतरी दोन शब्द सुनावील.

सुमनच्या भावाने सुपारी कातरता कातरता म्हटलं, "भावोजी, मासे ते. मेले तर मेले. तेचा एवढा काय?" कोणीतरी म्हणालं, दुःखात माणसाला असं काहीबाही आठवतं. दिगंबरने मला हाताला धरून खाली बसवलं, पाणी दिलं. दुसऱ्या डोळ्याबद्दल तो काही बोलला नाही. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. मग लोक एसटीच्या वेळा बघू लागले.

निघताना सरिता मागच्या दारी आली. म्हणाली, "मामा, आईंका ठावक होता."

"काय?"

"तुम्ही गोडा पाणी घालतास ता. मामींनी फोनार सांगलेल्यानी, लग्नाच्या आदी. आई लय हसले. म्हणाले, कळला एकदाचा बाबूक." तिने माझी पिशवी माझ्या हातात दिली. "मियां म्हटलंय, मगे मामांका इचारा तरी. तर म्हणाले, नको गो. लाजतलो तो."

मी गाडीत कसा बसलो ते आठवत नाही. म्हणजे तळेऱ्याच्या पंगतीत तुला माहीत होतं. मला खरं कळलंय हे माहीत असताना, मी खोटं बोलतोय हे ऐकत असताना, तू ते स्वतःवर घेतलंस. मी लाजू नये म्हणून. आणि दर पंधरा दिवसांनी मासे कसे आहेत विचारून तू दार उघडून देत होतीस. एकदा तरी आत यावं, एवढंच. मी दरवेळी दारातूनच बरे आसत म्हणून परत फिरलो.

मी लाजलो, आक्का. बारा गावच्या माणसांसमोर उभा राहून लाजलो, आणि त्यातल्या एकालाही त्याचं काही नव्हतं. मला तुझ्यासमोर लाजायचं होतं गो.